तिने गोळ्या लपवल्याचे मी सांगायला नको होते का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चोवीस वर्षांची आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. करताना एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, स्त्रियांच्या वॉर्डमध्ये तिची सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे आणि त्यातला निम्मा काळ सरला आहे. वॉर्डमधल्या एका तरुण रुग्णाशी तिचे चांगले जमले होते. ‘ताई, कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारून त्या रुग्णाने एके दिवशी सांगितले, की ती रोजच्या गोळ्या गालात धरून ठेवते आणि नंतर थुंकून टाकते. लेखिकेने ‘नाही सांगणार’ असा शब्द दिला, रात्रभर विचार केला आणि सकाळी सिस्टरना सांगितले. तेव्हापासून ती रुग्ण तिच्याशी बोलत नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णाला खाटेला बांधलेले पाहिल्यापासून लेखिकेची झोप उडाली आहे. आपल्याला केस हिस्ट्री घ्यायला आणि चाचण्यांचे गुण मोजायलाच बसवतात, समुपदेशन करू देत नाहीत. सुपरवायझरना वेळ नसतो. ‘असल्या ठिकाणी काम करणाऱ्या मुलीचे लग्न कसे जमायचे’ असे आई म्हणते. आणि लहानपणी घराच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या आत्याची आता सारखी आठवण येते, असेही तिने लिहिले आहे. तिचे प्रश्न दोन आहेत. मी त्या मुलीचा विश्वासघात केला का? आणि मी या व्यवसायाला लायक नाही का, इंटर्नशिप सोडून द्यावी का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण दुसरा प्रश्न तुम्ही त्याच्याच ओझ्याखाली विचारला आहे असे मला वाटते. सिस्टरना सांगितलेत ते योग्य केलेत. चूक शोधायचीच असेल तर ती आदल्या दिवशी सापडेल, ‘नाही सांगणार’ असे तुम्ही म्हणालात तेव्हा. आणि तिचीही जबाबदारी तुमच्या एकटीवर नाही, कारण असा शब्द वॉर्डमध्ये कोणालाच देता येत नाही हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणे तुमच्या महाविद्यालयाचे आणि विभागाचे काम होते.

गुप्तता म्हणजे दोघींमधला करार आणि तिसऱ्याच्या कानावर गोष्ट गेली की तो मोडला, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. मैत्रीत ते खरे आहे. वॉर्डमध्ये मात्र गुप्तता असते ती रुग्ण आणि तिच्यावर उपचार करणारी सगळी मंडळी यांच्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि उपचार करणाऱ्या इतर व्यावसायिकांना उपचारापुरती माहिती देण्याची, तसेच कोणाला इजा होण्याची किंवा कोणाच्या जिवाला धोका असण्याची वेळ आल्यास ती टाळण्यासाठी माहिती देण्याची मुभा त्याच कलमात ठेवली आहे. म्हणजे सिस्टरना सांगणे त्या गोपनीयतेत बसते. होस्टेलच्या मैत्रिणीला रात्री जेवताना सांगणे बसत नाही, नाव घेतले नाही तरीही. तुमच्या मूळ पत्रात त्या रुग्णाचे गाव, तिच्या वडिलांचा व्यवसाय आणि तिला दाखल करण्यामागचा प्रसंग असा बराच तपशील होता. तो मी सारांशातून काढून टाकला आहे. मला सगळे नीट समजावे म्हणून तुम्ही तो लिहिलात हे मी जाणते. परंतु त्या गावातल्या एखाद्या वाचकाने दोन ओळींत तिला ओळखले असते. यापुढे कोणालाही लिहिताना, अगदी महाविद्यालयाला द्यायच्या केस रिपोर्टमध्येसुद्धा, असा तपशील बदला किंवा गाळा.

गोळ्यांची गोष्ट सांगणे इतके आवश्यक का होते, तेही पाहू. राऊंडला डॉक्टरांच्या हातात फाईल असते. फाईलमध्ये रोजच्या गोळ्यांपुढे खुणा केलेल्या आहेत आणि समोरची रुग्ण मात्र सुधारत नाही. यातून डॉक्टर बहुधा एकच अर्थ काढणार, की मात्रा पुरत नाही. मग मात्रा वाढते, औषध बदलते, दुसरे जोडले जाते. स्किझोफ्रेनियात दोन औषधांनी गुण आला नाही अशी नोंद झाली, की क्लोझापिन या, इतर औषधे चालली नाहीत तरच द्यायच्या औषधाचा विचार सुरू होतो, आणि ते घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवण्यासाठी नियमितपणे रक्त तपासावे लागते. लिथियमसारख्या औषधात तर गुण येण्याची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडे असते. न घेतलेल्या गोळ्यांच्या हिशेबाने वाढवलेली मात्रा उद्या तिने खरोखरच गिळली, तर काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता. शिवाय त्या गोळ्या रोज थुंकल्याच जातात की उशीच्या अभ्र्यात कुठे साठवल्या जातात, हेही कोणीतरी पाहायला हवे होते.

मात्र सिस्टरपर्यंत पोहोचले ते अर्धेच, असे तुमच्या पत्रावरून वाटते. ती गोळ्या घेत नाही, हे कळले. का घेत नाही, हे कोणी विचारलेच नाही. तुम्हीही विचारले नाहीत, कारण शब्द पाळायचा की मोडायचा या पेचात तुम्ही अडकला होतात. खरी मोलाची माहिती त्या ‘का’मध्ये आहे. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी शरीरातले प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारे संप्रेरक, वाढून पाळी थांबू शकते, कधी छातीतून दूधही येते. लग्नाच्या वयाच्या मुलीला त्याचा अर्थ काय वाटत असेल, आणि राऊंडच्या वेळी खाटेभोवती उभ्या असलेल्या इतक्या माणसांसमोर ती ते बोलेल का? ओलान्झापिनने वजन वाढते, जुने कपडे अंगात शिरेनासे होतात. कोणाला दिवसभर गुंगी असते, तोंडातून लाळ गळते, हात थरथरतात. कोणाला गोळीत विष घातले आहे असा पक्का संशय असतो, तर कोणाला आपल्याला काही झालेलेच नाही अशी खात्री. आणि असेही होते, की रुग्णाला घरी परत जायचेच नसते; बरे झालो तर डिस्चार्ज मिळेल, या भीतीने गोळी थुंकली जाते. यातल्या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात औषध बदलता येते, शेवटच्यात औषधाचा प्रश्नच नाही. तिथे घरात काय चालले आहे हे सोशल वर्करना पाहावे लागेल.

याला हक्काचीही एक बाजू आहे. तुमची रुग्ण त्याच कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दाखल झाली आहे, हे तुम्ही फाईलमध्ये पाहिले आहे का? कलम ८६ खाली स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णावर तिच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. कलम ८९ खाली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या अर्जावरून, एका वेळी जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल केलेल्या रुग्णाचीही निर्णय घेण्याची क्षमता ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावी लागते. गोळी लपवून थुंकण्याऐवजी ‘मला ही गोळी नको, कारण अमुक होते’ असे उघडपणे म्हणता येते आणि ते ऐकून घेणे डॉक्टरांना भाग आहे, हे त्या मुलीला आजवर कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

तिच्याशी पुन्हा बोलायला जाल तेव्हा, सकाळची गडबड संपल्यावर, सिस्टरना कल्पना देऊन जा आणि बसू का म्हणून आधी विचारा. ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. बोलणे थोडक्यात ठेवा. ‘तू मला गोळ्यांचं सांगितलंस, ते मी सिस्टरना सांगितलं. सांगणार नाही असं मी म्हणायलाच नको होतं, कारण तुझ्या उपचारांची गोष्ट मला एकटीजवळ ठेवता येत नाही. तुला राग आला असेल, आणि तो बरोबर आहे. गोळी का नको वाटते ते सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन. डॉक्टरांशी बोलायचं असेल तर तुझ्याबरोबर बसेन.’ इतके बोलून थांबा. तिच्यापुढे रडू नका आणि माफ कर म्हणून गळ घालू नका, कारण मग तुमची समजूत काढण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. ती पुन्हा बोलेल याची खात्री मी देऊ शकत नाही. न बोलण्याचा हक्क तिला आहे. परंतु उपचार करणाऱ्या माणसाने आपल्या वागण्याचा तोंडावर खुलासा केला, हा अनुभव वॉर्डमधल्या रुग्णांच्या वाट्याला फार कमी येतो, आणि तो तिला मिळायला हवा.

नव्या रुग्णाशी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट करून घेत जा. आपले नाव, आपण शिकाऊ मानसशास्त्रज्ञ आहोत, अमुक महिन्यापर्यंत इथे आहोत, जे सांगाल ते उपचार करणाऱ्या मंडळींना कळेल पण बाहेर जाणार नाही, नको वाटेल तो प्रश्न नाकारता येईल. एवढे सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. रुग्ण आणि नातेवाईक तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणतील. प्रत्येक वेळी नम्रपणे दुरुस्त करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि तिची नोंदणी लागते. अभ्यासक्रमांची नावे बदलत असली तरी ही अट कायम आहे. तोपर्यंत तुम्ही विद्यार्थिनी आहात, आणि हे लपवण्यासारखे मुळीच नाही.

‘मला नुसती केस हिस्ट्री घ्यायला लावतात’ या तुमच्या तक्रारीबद्दल मला मोकळेपणाने बोलायचे आहे, कारण अशी पत्रे मला वरचेवर येतात आणि त्या ‘नुसती’ शब्दाने मला दर वेळी वाईट वाटते. बोलून बरे करणे म्हणजेच मानसशास्त्रज्ञाचे काम, बाकी सगळी हमाली, असे चित्र तुम्ही मनात घेऊन आला आहात. तीव्र आजाराच्या अवस्थेत, म्हणजे कानात सतत आवाज येत असताना किंवा चार रात्री झोप नसताना, रुग्णाला तासाभराचे समुपदेशन पेलत नाही. त्या दिवसांत तिला हवे असते ते औषध, झोप, पोटभर जेवण, सुरक्षितता, आणि आपल्यात रोज काय बदलते आहे हे बारकाईने पाहणारे कोणीतरी. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात. तुम्ही वॉर्डमध्ये तासन्‌तास असता. म्हणून तुमची नोंद कशी आहे यावर पुष्कळ काही ठरते.

उदाहरण घ्या. एका इंटर्नने लिहिले : ‘रुग्ण अस्वस्थ व चिडचिडी आहे.’ दुसरीने त्याच रुग्णाबद्दल लिहिले : ‘सकाळपासून खाट आणि खिडकी यांच्यामध्ये येरझारा. बसा म्हटल्यावर बसते, पण पाय हलत राहतात, मिनिटभरात पुन्हा उठते. मनात काय चालले आहे विचारले तर, मनात काही नाही, पायांनाच चैन पडत नाही, असे म्हणते. हे परवापासून, हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन सुरू झाल्यानंतर.’ पहिली नोंद वाचून आजार वाढला असे वाटून औषधाची मात्रा वाढवली जाऊ शकते. दुसरी वाचून डॉक्टरांना अकॅथिझियाची, म्हणजे त्या औषधानेच आलेल्या बेचैनीची शंका येईल, आणि ते मात्रा कमी करण्याचा किंवा दुसरे औषध देऊन ती बेचैनी शमवण्याचा विचार करतील. एकाच रुग्णाच्या बाबतीत दोन नोंदींनी नेमका उलटा निर्णय होतो. दुसरी नोंद लिहिणाऱ्या मुलीने त्या दिवशी एकही समुपदेशनाचे सत्र घेतलेले नसते, तरी त्या रुग्णासाठी तिने केलेले काम लहान नाही.

मानसिक स्थितीच्या तपासणीचेही तसेच आहे. पेहराव, बोलणे, भावस्थिती, विचार, भास, स्मरण, आजाराचे भान अशा रकान्यांचा तक्ता भरून टाकला की काम संपले असे वाटू लागते. अमूर्त विचार तपासण्यासाठी तुम्ही म्हणीचा अर्थ विचारता. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय, असे विचारल्यावर एखादी रुग्ण म्हणते, ‘अंगण वाकडं असंल तर सारवून घ्यायचं.’ हे विचारातील बिघाडाचे लक्षण असू शकते. किंवा तिने ती म्हण उभ्या जन्मात ऐकलेली नसेल, घरी अहिराणी बोलत असेल, शाळा दुसरीत सुटली असेल आणि तुमच्या पुस्तकी प्रश्नाला तिने अगदी व्यवहारी उत्तर दिले असेल. दोन्हींतला फरक तक्ता सांगत नाही. तिच्या घरात बोलतात त्या भाषेतली म्हण विचारून पाहावी लागते. शंभरातून सात वजा करत जा, हे न जमणाऱ्या बाईला वीस रुपयांतून तीन रुपये खर्च झाले तर किती उरले, असे विचारावे लागते. बाजाराचा हिशेब तिला पाठ असतो. हे कौशल्य वाचून येत नाही, अनेक रुग्णांपाशी बसूनच येते, आणि तुम्हाला नेमकी तीच संधी मिळाली आहे. चाचण्यांचे गुण मोजतानाही रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवत जा, आणि तुमच्या अहवालावर पात्र सुपरवायझरची सही झाल्याशिवाय तो फाईलला लावू नका, कोणी घाई केली तरी.

खाटेला बांधलेल्या रुग्णाबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून मलाही त्रास झाला. तो त्रास म्हणजे तुमचा कमकुवतपणा आहे असे कृपा करून समजू नका. ज्याला तो होत नाही त्याची मला अधिक काळजी वाटते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. आपल्या देशात या विषयाकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले त्यामागे ती घटना आहे. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यावर आणि रुग्णाला एकांतात कोंडून ठेवण्यावर पूर्ण बंदी घातली. इतर मार्गाने रोखून धरण्याला कलम ९७ खाली परवानगी आहे, पण ती अत्यंत मर्यादित : रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि तो टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीने, गरज आहे तेवढाच वेळ, सतत देखरेखीखाली, आणि पद्धत, कारण व कालावधी यांची नोंद करून. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. अशा प्रत्येक घटनेची माहिती दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांसाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला, कळवावी लागते.

तेव्हा तुम्ही पाहिलेत ते अत्याचार होते की नाइलाज, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि एका नजरेत तुम्हीही ठरवू शकत नाही. परंतु विचारू शकता. फाईलमध्ये नोंद आहे का ते पाहा. सिस्टरना आरोपाच्या सुरात न बोलता विचारा, ‘काल रात्री काय झालं होतं? बांधायचं कसं ठरलं? किती वेळानं सोडलं?’ अनेकदा समोरून अशी हकिगत येते जी तुम्हाला ठाऊक नव्हती. रात्रपाळीला मोठ्या वॉर्डमध्ये दोनच माणसे कामावर असताना डोके भिंतीवर आपटणाऱ्या बाईला सांभाळणे म्हणजे काय, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे असते. मात्र नोंदच नाही, कारण सांगता येत नाही, किंवा ‘फार बडबड करत होती म्हणून’ असे उत्तर आले, तर ती बाब तारीख आणि वेळ लिहून आधी सुपरवायझरकडे आणि मग महाविद्यालयातील तुमच्या समन्वयकांकडे लेखी न्या. त्यांच्याकडूनही काही झाले नाही तर तक्रार नेण्यासाठी वर सांगितलेले मंडळ आहे. एकट्या इंटर्नने वॉर्डमध्ये उभे राहून भांडण काढू नये. त्याने रुग्णाचे भले होत नाही आणि पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांना दार बंद होते.

आता आत्यांविषयी. तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, म्हणून मीही फार खोलात जाणार नाही. ज्या घरात एक माणूस मागच्या खोलीत राहते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, त्या घरातले मूल पुढे या विषयाकडे वळले तर मला नवल वाटत नाही, आणि ते वाईटही नाही. एवढेच तपासून पाहा, की त्या गोळ्या लपवणाऱ्या मुलीशी तुम्ही इतक्या घट्ट जोडल्या गेलात, तिचा अबोला इतका जिव्हारी लागला, त्यात तिचा वाटा किती आणि आत्यांचा किती. आत्यांसाठी जे करता आले नाही ते या रुग्णाकडून पुरे करून घ्यायला गेलात, तर तिच्या बरे होण्याचा वेग तुम्हाला कधीच पुरेसा वाटणार नाही. हे बोलण्याची जागा म्हणजे तुमची स्वतःची थेरपी. अनेक चांगले थेरपिस्ट शिकत असताना स्वतः थेरपी घेतात. त्याने कोणाची लायकी कमी होत नाही. झोपेचा त्रास दोन आठवड्यांहून अधिक चालला, जेवण सुटले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते, आणि ती मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

आईंचा मुद्दा मी थोडक्यात घेते. त्यांना वाटणारी भीती आणि आत्या मागच्या खोलीत असण्याचे कारण एकच आहे, हे तुमच्याही लक्षात आले असेल. वाद घालून ती जाणार नाही. रुग्णांच्या कहाण्या घरी सांगू नका, पण तुमचा दिवस कसा जातो, तुम्ही कोणाबरोबर डबा खाता, आज काय शिकलात, हे सांगत राहा.

सुपरवायझरना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही. आपल्याकडे प्रशिक्षित मनुष्यबळ फार अपुरे आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले होते, आणि जे थोडे तज्ज्ञ आहेत त्यांच्याच दारी सगळी रांग लागते. म्हणून ‘सर, वेळ आहे का?’ असे दारात उभे राहून विचारण्याऐवजी आठवड्यातला एक ठरावीक अर्धा तास मागून घ्या, आणि त्याला जाताना एकच रुग्ण आणि एकच नेमका प्रश्न लिहून न्या. ‘मला फार वाईट वाटतं’ यापेक्षा ‘ही बाई माझ्याशी बोलते आणि डॉक्टरांशी बोलत नाही, तर मी काय करावं?’ या प्रश्नाला उत्तर लवकर मिळते. वाईट वाटण्याबद्दलही बोला, पण दुसऱ्या भागात. अर्धा तासही मिळत नसेल तर महाविद्यालयाला लेखी कळवा, कारण देखरेखीशिवाय रुग्णांमध्ये सोडलेली विद्यार्थिनी हा रुग्णांवरही अन्याय आहे. आणि तोवर वॉर्डमधल्या जुन्या सिस्टर, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपीचे लोक, मावशी आणि मामा यांच्याकडून शिका. खुर्ची दाराच्या बाजूला ठेवावी, गळ्यात ओढणी किंवा ओळखपत्राची दोरी असू नये, कोणाला विचारल्याशिवाय खाऊ देऊ नये, आपला फोन नंबर देऊ नये, कुठे बसतो आहोत ते सांगून जावे, या गोष्टी मावशींइतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगते. दारू सुटून दोन-तीन दिवस झालेली रुग्ण थरथरत हवेतले किडे झटकू लागली, तर गप्पा थांबवून आधी सिस्टरना हाक मारायची असते, हेही अनेक जणी त्यांच्याचकडून शिकतात.

राहता राहिला सोडून देण्याचा प्रश्न. मला वाटते, या आठवड्यात ठरवू नका. झोप नसताना घेतलेला निर्णय आपण रुग्णाचाही ग्राह्य धरत नाही. आधी त्या मुलीशी बोला, बांधण्याच्या प्रसंगाची विचारपूस करा, सुपरवायझरचा अर्धा तास मिळवा, गरज वाटल्यास आठवडाभर रजा घ्या. हे करूनही महिन्याभराने रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, तर बाह्यरुग्ण विभागात, बालमार्गदर्शन केंद्रात किंवा पुनर्वसन केंद्रात बदली मागा. आंतररुग्ण वॉर्ड सर्वांना मानवत नाही. शाळेत, कुटुंब न्यायालयात, मेंदूविकारांच्या पुनर्वसनात उत्तम काम करणारे कितीतरी मानसशास्त्रज्ञ पुन्हा कधी वॉर्डात गेले नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र देखरेख नसताना तुमच्याकडून थेरपी करवून घेतली जात असेल, दुसऱ्याच्या नावाने अहवाल लिहून घेतले जात असतील, किंवा लेखी कळवूनही रुग्णांना होणारी मारहाण थांबत नसेल, तर तिथून बाहेर पडा आणि का पडलात ते महाविद्यालयाला लिहून द्या.

थांबलात किंवा निघालात, तरी एक काम चुकवू नका. वॉर्डमधल्या रुग्णांना न सांगता माणसे अचानक दिसेनाशी होतात; इंटर्न बदलतात, रेसिडेंट बदलतात, आणि रुग्णाला ते दुसऱ्याच रुग्णाकडून कळते. तुमचा शेवटचा दिवस ज्यांच्याशी तुमचे बोलणे होते त्या सगळ्यांना निदान दोन आठवडे आधी सांगा, गोळ्या लपवणाऱ्या त्या मुलीलाही, ती बोलत नसली तरी. तुमच्यानंतर कोण येणार ते माहीत असेल तर त्याची ओळख करून द्या. आणि फाईलमध्ये शेवटची नोंद अशी लिहा, की नव्या इंटर्नला तिच्या बोलण्याची सुरुवात कुठून करावी आणि कोणते प्रश्न सध्या टाळावेत हे वाचल्याबरोबर कळेल.